खुर्चीवरून उतरवणारी ताई

कुठल्याही नव्या हॉलमध्ये शिरलं की माझी ताई आधी प्रत्येक खुर्चीवर बसून बघते. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, जरा वेळ गप्प. मग उठते आणि पुढच्या खुर्चीवर जाते. चार्टपेपरची गुंडाळी आणि मार्करची पिशवी घेऊन मी दारात ताटकळत उभा असतो. हॉलचा मॅनेजर माझ्याकडे बघतो, मी छताकडे बघतो. थोरली बहीण आहे, करणार काय?

तिचं म्हणणं असं की, स्वतः बसल्याशिवाय तिथून काय दिसतं ते कळत नाही. एखाद्याच्या डोळ्यांवर उजेड येतो. एखाद्याला दार दिसत राहतं आणि त्याचा जीव सारखा बाहेर धावतो. एखाद्याच्या पाठीमागे नुसती मोकळी जागा असते आणि तो बिचारा दिवसभर मागे वळून बघतो. असल्या बारीक गोष्टींनी मोठे बेत फिसकटतात, असं ती ठासून सांगते. मी मान हलवतो. ह्या वयात तिच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

तिचा धंदा काय, हे मला कुणाला धड सांगता येत नाही. एखाद्या कंपनीचं गाडं अडलं, पुढे कुठे जायचं हे ठरेनासं झालं, की ती मंडळी गावाबाहेर दोन दिवस जाऊन बसतात. ते लोक त्याला स्ट्रॅटेजी रिट्रीट म्हणतात, ताई बैठक म्हणते, आणि मी शहाण्या माणसांना कोंडून ठेवण्याचा उद्योग म्हणतो. बैठक ठरवायची, चालवायची आणि शेवटी कागदावर निर्णय उतरवून द्यायचे, हे ताईचं काम. गाडी चालवायची, सामान वाहायचं आणि चहा गरम आहे का बघायचं, हे माझं.

पण काम ती चोख करते, हे शत्रूही मान्य करेल. बैठकीच्या आधी ती प्रत्येकाला त्याच्या जागेवर जाऊन भेटते आणि सगळ्यांना एकच गोष्ट विचारते, "त्या दोन दिवसांत कुठली गोष्ट कुणीच बोलणार नाही?" माणूस आधी हसतो, मग इकडेतिकडे बघतो, मग दार लावून घेतो आणि बोलतो. ते ती कुणाला म्हणजे कुणाला सांगत नाही. मलाही नाही. बैठकीत सगळ्यांचे फोन टोपलीत जातात, फक्त घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल त्याचा फोन त्याच्यापाशी राहतो. निर्णय थोडेच करायचे, आणि प्रत्येक निर्णयापुढे एका माणसाचं नाव लिहायचं. 'सगळ्यांनी मिळून' असं कुणी म्हणालं की ती मार्कर खाली ठेवते.

आणि एक खेळ होता. होता म्हणतो, कारण आता ती तो खेळत नाही. त्याची सुरुवात आमच्या घरातच झाली. लहानपणी मी आणि आमचा मधला भाऊ भांडलो की ताई आम्हाला एकमेकांच्या जागी बसवायची. "आता तू तो आणि तो तू. बोला." एकदा मधला माझ्या जागी बसून माझ्यासारखा असा काही बोलायला लागला की थांबेचना. माझी मान वाकडी करायची लकब, माझं नाक ओढणं, सगळं हुबेहूब. संध्याकाळी आई त्याला माझ्या नावाने हाक मारायला लागली. मी समोर उभा, आणि आई माझ्या पलीकडे बघून त्याला म्हणतेय, "चल रे, पाय धू." मी ओक्साबोक्शी रडलो. तेव्हा ताईने त्याला धरून कोपऱ्यात नेलं आणि तीन प्रश्न विचारले. तुझं नाव काय? सकाळी काय खाल्लंस? तुझी वाट कोण बघतंय? तिसऱ्या प्रश्नाला त्याने डोळे चोळले आणि तो पुन्हा मधला झाला. तेव्हापासून ताईचा नियम ठरला. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसवलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारून उतरवल्याशिवाय उठू द्यायचं नाही.

इतक्या वर्षांत तो नियम एकदाच मोडला, तो वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्याच्या बैठकीत.

कारखाना जुना होता. ज्यांनी तो काढला ते मोठे साहेब वर्षभरापूर्वी वारले होते आणि आता सगळा कारभार त्यांच्या मुलीकडे आला होता. बाई चाळिशीला टेकलेली, शिकलेली, स्वभावाने गरीब. पण तिथल्या माणसांनी तिला रांगताना पाहिलेलं, त्यामुळे आजही तिला सगळे बेबी मॅडम म्हणत. ती एका पायाची मांडी घालून खुर्चीत बसायची, पेनाचं टोपण चावायची आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'मला वाटतं' म्हणायची. तिला काय वाटतं ते विचारायच्या भानगडीत मात्र कुणी पडत नसे.

ताई त्यांना भेटायला कारखान्यात गेली तेव्हा मीही सोबत होतो. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. मी दमलो होतो, टेकायला गेलो, तर अकाउंटंटने मला दंडाला धरून उठवलं. "ती साहेबांची." मी विचारलं, "साहेब तर..." तो म्हणाला, "हो. पण आम्ही ठेवतो." मग चहा आला. सगळ्यांना एकेक कप, आणि एक कप त्या खुर्चीपुढे. बोलणं संपलं तेव्हा त्या चहावर साय धरली होती. अकाउंटंटने तो कप दोन्ही हातांनी उचलून नेला.

जिन्यावरून उतरताना मी म्हटलं, "ताई, हे लोक ठार वेडे आहेत."

"वेडे नाहीत रे. घाबरलेत," ती म्हणाली.

अडचण साधी होती. जुन्या वर्कशॉपमध्ये अजून हाताने काटे जुळवले जात. त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ते बंद करून फक्त डिजिटल काटे बनवायचे की नाही, एवढंच ठरवायचं होतं. आणि तेवढंच वर्षभर ठरत नव्हतं.

बैठकीसाठी तळ्याकाठचं एक गेस्ट हाउस घेतलं होतं. आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचलो. तळ्यावर असं धुकं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि हॉलच्या उंच खिडक्यांतून ते आत डोकावत होतं. ताईने नेहमीप्रमाणे एकेक खुर्ची बघायला घेतली. खिडकीकडच्या, हातांच्या खुर्चीवर ती बसली आणि चटका बसल्यासारखी उठली.

"काय झालं?"

"ही गरम आहे. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी."

मी हात लावून बघितला. खरंच, उबदार होती. हॉल सकाळपासून बंद होता, आणि ऊन तर दिवसभर नव्हतंच. मॅनेजर म्हणाला, "मांजर बसलं असेल." मांजर काही मला दिसलं नाही. ताई म्हणाली, "ही बाजूला ठेव," आणि मी ती उचलून भिंतीशी नेली. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही.

सकाळी येऊन बघतो तर ती खुर्ची गोलात, सगळ्यांच्या मधोमध. कारखान्याची मंडळी आमच्या आधी येऊन बसली होती. साहेबांना खुर्ची हवी म्हणून त्यांनी हॉलभर बघून हातांची तेवढी एकच निवडली होती. पुढे स्टूल, त्यावर चहाचा कप. ताईने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले.

पहिला दिवस पाण्यात गेला. ताईने काय नाही केलं! जोड्या करून तळ्याकाठी फिरायला पाठवलं, भिंतीवर कागद लावून पुढच्या पाच वर्षांचं चित्र काढायला लावलं. पण कुणीही तोंड उघडलं की वाक्य त्या खुर्चीपाशी जाऊन थांबायचं. "साहेबांना हे पटलं असतं का?" झालं, सगळे चिडीचूप. बेबी मॅडम एकदा म्हणाली, "मला वाटतं, आपण..." तेवढ्यात म्हातारा फोरमन हळूच म्हणाला, "बेबी, साहेब काय म्हणाले असते?" तिने टोपण पुन्हा तोंडात घातलं. हा फोरमन साहेबांबरोबर पहिल्या दिवसापासून होता. बेबी जन्मली तेव्हा तिचं पहिलं वजन त्यानेच कारखान्यातल्या काट्यावर घेतलं होतं, आणि पुढे प्रत्येक वाढदिवसाला साहेब नि तो मिळून तिला पारड्यात बसवत. ती लग्न करून जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बेबी मॅडम आमच्याच टेबलावर होती. तिने उकडलेलं अंडं खाल्लं, टोस्ट खाल्ला, मुलीशी फोनवर बोलली. मुलगी सात-आठ वर्षांची. "संध्याकाळी येते हं राणी, नक्की," असं म्हणाली. फोन ठेवून ताईला म्हणाली, "आज काही ठरलं नाही तर मी सगळं विकून टाकणार. मला नाही झेपत."

ताईने तेव्हाच मनाशी ठरवलं असावं. बैठक सुरू झाली आणि ती त्या रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "सगळे हिला विचारताय आणि ही तर बोलत नाही. तर आज कुणीतरी इथे बसा आणि साहेबांच्या वतीने बोला."

कुणी जागचं हललं नाही. मी दारातून मान हलवून 'नको' म्हणत होतो, पण माझं ऐकतंय कोण? शेवटी बेबी मॅडम उठली. खुर्चीपुढचा कप जरा सरकवून बसली.

आधी सगळं गमतीचं होतं. तिने घसा खाकरला आणि बापाचा आवाज काढून म्हणाली, "काय रे, काटा कुठवर आला?" सगळे हसले. साहेब कुणाशीही बोलताना आधी हेच विचारत म्हणे. मग तिने स्टुलावर फुंकर मारली. साहेबांना पारड्यावर काही ठेवायच्या आधी फुंकर मारायची सवय होती, धुळीचं वजन नको म्हणून. मग पारडं थोपवावं तसा अंगठा स्टुलाच्या कडेवर दाबून धरला. लोक हसायचे थांबले. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते, पाठ ताठ होती. टोपण तिने हातातसुद्धा धरलं नव्हतं. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली, "मी मरेपर्यंत वर्कशॉप बंद होणार नाही. आणि मेल्यावर तुम्ही मला विचारायचं थांबवलंत कुठे?"

मग तिने फोरमनकडे मान वळवली. "तू का गप्प आहेस, पैलवान?"

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, खुर्ची पाडली आणि रडत हॉलबाहेर गेला. ताई त्याच्यामागे धावली. तिथेच घात झाला. म्हातारा पायरीवर बसला होता. "हे नाव साहेबांनी ठेवलं होतं, आम्ही दोघे पोरगेलेसे होतो तेव्हा. चार लोकांत कधी म्हणाले नाहीत. कुणालाच ठाऊक नाही हो." ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. इकडे जेवणाची घंटा झाली आणि मंडळी उठली. बेबी मॅडमही त्यांच्यात उठली. तीन प्रश्न राहून गेले.

मला आठवलं तेव्हा ती पंगतीच्या टोकाला बसली होती आणि लोक तिला वाढत होते. तिने ताट ठेवायच्या आधी टेबलावर फुंकर मारली. ताईला सांगेपर्यंत ती परत त्याच खुर्चीत बसून बोलायलाही लागली होती.

दुपारी तर कमालच. इतकी जोरदार बैठक मी ताईच्या हाताखाली पाहिली नव्हती. प्रश्न विचारायचा अवकाश, खुर्चीतून उत्तर तयार. वर्कशॉप चालू ठेवायचं. डिजिटलचं काम लांबणीवर. अकाउंटंट भराभर कागद भरत होता, माणसं खुलली होती, एकमेकांना टाळ्या देत होती. वर्षभराने त्यांना घरचं माणूस परत भेटलं होतं. कुणी 'बेबी मॅडम' म्हणेना. "हो साहेब", "बरोबर साहेब". आणि ती "मी म्हणालो", "मी गेलो होतो" असं सरळ बोलत होती, न अडखळता. खिडक्यांबाहेर तेच धुकं. माझ्या हातावर काटा उभा राहिला होता.

मध्येच तिचा फोन वाजला. तिने तो जरा दूर धरून बघितला, मग व्हरांड्यात गेली. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. एक हात कमरेमागे बांधलेला. थोडं बोलली, जास्त ऐकलं, आणि परत येऊन बसली.

ताईने विचारलं, "घरून होता का फोन?"

"हो. नातीचा."

ताईने मार्कर खाली ठेवला. "चहा घेऊ या," ती म्हणाली. सगळे चहाकडे वळताच ती खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि तिने हलक्या आवाजात पहिला प्रश्न विचारला. नाव काय? खुर्चीतून नाव आलं. मोठ्या साहेबांचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"सकाळी काय खाल्लंत?"

"सकाळी? सकाळी मी इथे नव्हतो."

"तुमची वाट कोण बघतंय?"

ती चक्क हसली. मायाळू, थकलेलं हसू. "आता कोण बघणार? सगळ्यांनी निरोप घेतला, ह्यांनी तेवढा घेतला नाही."

ताईने मला ओढत व्हरांड्यात नेलं. मी म्हटलं, "डॉक्टर बोलावू का? गाडी काढू?"

"घरी नेऊन काय करशील? त्या पोरीसमोर हिला अशीच उभी करशील?" ताई म्हणाली. "चूक माझी आहे. पण तिला खुर्चीने धरलेलं नाही रे. ह्या लोकांनी धरलंय. बघतोस ना कसे खूश आहेत? जोवर हे विचारत राहतील तोवर तो माणूस उत्तर देत राहणार, आणि ती परत येणार नाही."

"मग त्यांना सांग ना सरळ."

"मी सांगून उपयोग नाही. त्यांनीच बोलायला हवं." त्या बंद दारांआड तिला काय काय सांगितलं गेलं होतं ते तिच्या पोटात होतं, आणि शब्द दिल्यामुळे ओठांवर आणता येत नव्हतं.

ती आत आली आणि भिंतीवरचे दुपारचे सगळे कागद टराटरा फाडले. लोक ओरडले. अकाउंटंट तर अंगावरच आला. ताई म्हणाली, "बसा खाली! आता कुणी साहेबांना काही विचारायचं नाही. एकही प्रश्न नको. एकेकाने समोर या आणि तुम्ही मला तुमच्या खोलीत दार लावून जे सांगितलंत, ते त्यांना सांगा. त्यांचं उत्तर ऐकायला थांबू नका."

"आणि नाही सांगितलं तर?" अकाउंटंट म्हणाला.

"तर बेबी मॅडमला त्या खुर्चीवरून कधी उठवायचं ते तुम्हीच बघा. घरी मुलगी आहे तिची."

मग त्यांनी खुर्चीकडे बघितलं. खरं सांगायचं तर दुपारपासून पहिल्यांदाच बघितलं. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता, ओठ सुकले होते, आणि अंगठा स्टुलावर इतका दाबलेला होता की नख काळंनिळं पडलं होतं. एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "अगं बाई, आपण काय करतोय हे!"

अकाउंटंट उठला. खाली मान घालून पुटपुटला, "साहेब, वर्कशॉप बंद करायला हवं. मला कधीचं वाटतंय. फोरमनकाकांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." तो बाजूला झाला. मग विक्रीवाला आला आणि तेच म्हणाला. मग ती रडणारी बाई. तेच. मग आणखी एक, तेच. प्रत्येकाला वर्कशॉप नको होतं आणि प्रत्येकाची समजूत अशी की, बाकीच्या सगळ्यांचा जीव त्यात अडकलाय. वर्षभर ही माणसं एकमेकांची मनं सांभाळत एका रिकाम्या खुर्चीला चहा पाजत होती. दर माणसागणिक त्या अंगठ्याचा दाब थोडा थोडा सैल होत होता.

राहिला फोरमन, दुपारी कधीतरी परत येऊन कोपऱ्यात बसलेला. तो उठेना.

"मी बोललो की साहेब जातील," तो म्हणाला.

ताई त्याच्याजवळ गेली. "आणि नाही बोललात तर बेबी जाईल, काका."

म्हातारा कसाबसा उठला आणि खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, माझे हात कापतात आता. काटा नीट दिसत नाही. तुम्ही गेल्यापासून मी एकसुद्धा काटा जुळवलेला नाही. पोरं जुळवतात, मी नुसता उभा असतो. मला थांबायचंय. तुमच्यासाठी चालू ठेवलं होतं, पण तुम्ही नाही आहात." त्याने डोळे पुसले. "तुमच्यावाचून करमत नाही, हे खरं. पण हिला मी पारड्यात बसवलीय माझ्या हातांनी. हिला सोडा, साहेब. आम्ही तुम्हाला सोडतो."

खुर्चीतून उत्तर आलं. उत्तर ऐकू नका असं सांगितलं होतं तरी सगळ्यांनी ऐकलं.

"एवढं बोलायला इतका वेळ लावलास, पैलवान?"

मग तिने स्टुलावर एक फुंकर मारली. लांब, हलकी. अंगठा उचलला गेला. मान छातीवर पडली आणि ताईने तिला सावरलं. थोड्या वेळाने एक पाय आपोआप वर आला आणि मांडीखाली गेला.

"नाव काय तुमचं?" ताईने विचारलं.

बेबी मॅडमने नाव सांगितलं, स्वतःचं. आणि चक्रावून म्हणाली, "का हो?"

"सकाळी काय खाल्लंत?"

"अंडं. टोस्ट. तुमच्याच टेबलावर तर होते."

"तुमची वाट कोण बघतंय?"

"माझी मुलगी," ती म्हणाली आणि दचकून उठली. "अगं बाई! दुपारी फोन करणार होती ती. मी उचललाच नाही वाटतं!"

तिला काहीच आठवत नव्हतं. ताई मटकन खाली बसली, जमिनीवरच, आणि रडायला लागली. माझ्या बहिणीला रडताना मी आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. मला उगाचच काहीतरी करावंसं वाटलं म्हणून मी ती हातांची खुर्ची उचलून भिंतीशी नेली. गार होती. बाकीच्या खुर्च्यांसारखीच.

बेबी मॅडमचा अंगठा ठणकत होता, फोन धड धरता येईना. तिने नंबर लावून तो स्टुलावर ठेवला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून लगेच पोरीचा आवाज आला.

"आई! झालं तुझं काम?"

"झालं गं राणी. निघतेच आता. चुकलं माझं, मघाशी तुझा फोन घेतला नाही मी."

"आजोबांनी घेतला ना पण," पोरगी म्हणाली. तिच्या आवाजात नवल नव्हतं. "मी म्हटलं, आईला द्या. तर म्हणाले, ही माणसं मला सोडतच नाहीत गं. त्यांनी सोडलं की लगेच पाठवतो तुझ्या आईला."

सगळे स्टुलाभोवती जमले.

"आई, सोडलं का त्यांनी आजोबांना?"

बेबी मॅडम फोनकडे नुसती बघत राहिली. तेव्हा म्हातारा फोरमन पुढे आला, गुडघ्यांवर हात टेकून स्टुलाशी वाकला आणि म्हणाला, "हो बाळा. सोडलं."